पूजेत मांडलेल्या घोड्या

डिसेंबर १९५३, गुरुवार ते रविवार. मुक्काम देवास, टेकडीखालचं दादाचं घर.

हजर: मी, धारहून चार दिवसांची रजा काढून. वहिनी, स्वयंपाकघरात. शेजारचे टांगेवाले काका, कुंपणापलीकडे. मोटार, अंगणात. दादाला जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी हजेरी लिहिताना माझ्या हातून सगळ्यांच्या वर ‘दादा’ असंच लिहिलं गेलं. ते खोडलं आणि बाह्या वर केल्या.

हजेरीची सवय मोटारखान्यातली. संस्थान विलीन होईपर्यंत आम्ही दोघे भाऊ देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजघराण्याच्या, मोटारखान्यात होतो. दादा मिस्त्री, मी भांडारी. तो मोटारी खोलायचा. मी हत्यारं मोजून द्यायचो आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायचो. मोटारखाना बंद झाल्यावर मला धारला एका कचेरीच्या भांडारात जागा मिळाली. दादाने नोकरी धरली नाही. त्याने एक मोडकी विलायती मोटार आणून अंगणात उभी केली आणि ती एकट्याने दुरुस्त करायला घेतली. इंदूर ते सोनकच्छ भाड्याने चालवायची, असा त्याचा बेत होता. खंडेनवमीच्या दिवशी ती मोटार त्याच्या अंगावर बसली.

गावात त्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी तो कामाला गेला म्हणून देवी कोपली. दुसरी, एवढा मोठा मिस्त्री, आणि विटांवर मोटार ठेवून खाली शिरला. दोन्ही खोट्या आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या विटा मी ठेवल्या होत्या.

हे त्या चार दिवसांत वहिनींना सांगायचं, असं ठरवून मी धारहून निघालो होतो. वहीत कामांची यादी केली होती. एकूण अकरा कामं. अकरावं हेच होतं.

बाकीच्या दहा कामांचं कारण असं. सोनकच्छचा एक धान्याचा व्यापारी मोटार न्यायला तयार होता, पण ती आपल्या चाकांवर अंगणाबाहेर आली पाहिजे, ही त्याची अट. देवासचा एकही मिस्त्री तिच्याखाली जाईना. वहिनींनी पत्रात लिहिलं होतं, ‘भाऊजी, चूल पेटवताना खिडकीतून रोज तीच दिसते. खिडकीला फळी ठोकून पाहिली; मग ती जास्त दिसायला लागली.’

गुरुवारी सकाळी मी मोटारीवरची गोणपाटं काढली. मोटार दोन घोड्यांवर उभी होती. घोडी म्हणजे लोखंडी तिपाई. जॅकने मोटार उचलायची, चाकांच्या धुऱ्याखाली घोड्या लावायच्या, मग माणसाने खाली जायचं. दादा कधीही नुसत्या जॅकवर काम करत नसे. मोटारखान्यात कोणी तसं केलं, तर तो पाय धरून त्याला बाहेर ओढत असे. अपघातानंतर शेजाऱ्यांनी लाकडी बल्ल्या घालून मोटार उचलली आणि या घोड्या तिच्याखाली सरकवल्या. तेव्हापासून त्या तिथेच होत्या. एकीच्या पायावर अजून हळदीचा डाग होता. पावसात धुऊन गेला नव्हता.

मी खाली गेलो.

काम मधेच थांबलेलं होतं. क्लच प्लेट नवी बसवून दादाने गिअरबॉक्स वर चढवला होता आणि आठापैकी तीन नट लावले होते. चौथा नट मला मातीत मिळाला, त्याच्या उजव्या हाताच्या बाजूला. तीन नटांवर लटकून गिअरबॉक्स वाकडा झाला होता. प्लेट खराब झाली असणार. म्हणजे सगळं पुन्हा खोलायचं. मी पाना आणि घासलेटाची बाटली घेऊन तयार होतो. दोन वर्षांचा गंज धरला असणार, असं धरलं होतं. पहिल्या नटाला पाना लावण्याआधी सहज बोट लावलं, तर नट फिरला. दादा ग्रीस लावल्याशिवाय नट बसवत नसे. वाकडी झालेली बाजू मी आधी जॅकने उचलून धरली आणि तिन्ही नट बोटांनी काढले. जेवढ्या आट्यांवर त्याने सोडले होते, तेवढ्याच आट्यांवर ते होते. दोन पूर्ण बसलेले, तिसरा अर्धा.

‘‘भिया, अकेला अकेला कंई करी रिया हो?’’ कुंपणावरून टांगेवाले काका म्हणाले.

‘‘गिअरबॉक्स उतरवतोय, काका.’’

‘‘म्हारो घोडो पण अठे से निकले तो बिदके है. थे नीचे घुसी रिया हो!’’

‘‘तुमचा घोडा टेकडीवरून बँडचा आवाज आला तरी बुजतो.’’

‘‘वो तो बँड खराब बजावे है,’’ काका म्हणाले आणि हसले, पण कुंपणाच्या आत आले नाहीत. दोन वर्षांपूर्वी बल्ली लावणाऱ्यांत ते पहिले होते.

अवजड गिअरबॉक्स एकट्याने उतरवायची रीत आहे. मोटारीतल्या पायाखालच्या फळ्या काढायच्या. दोन्ही दारांच्या उंबऱ्यांवर आडवी बल्ली टाकायची. तिच्यावरून दोर खाली सोडून गिअरबॉक्सला बांधायचा आणि दोरात पहार घालून पीळ द्यायचा. पीळ दिला की वजन वर येतं, सोडला की खाली जातं. त्रास एवढाच, की पीळ वरून द्यायचा आणि बघायचं खालून. एक पीळ द्या, पहार अडकवा, उतरा, खाली घुसा, बघा, बाहेर या, चढा. उतरवणं शुक्रवारी दुपारपर्यंत झालं. प्लेट खरंच गेली होती. तशीच प्लेट मी दादाच्या पेटीतून काढली; त्याने दोन आणून ठेवल्या होत्या. पेटीवर खडूने माझ्याच अक्षरात ‘क्लच प्लेट, नग २’ लिहिलेलं होतं.

शनिवारी चढवायला घेतला. गिअरबॉक्सचा दांडा प्लेटच्या दात्यांत बरोबर उतरला तरच तो पूर्ण आत जातो. नाहीतर चार बोटं बाहेर राहतो. तो चार बोटं बाहेर राहिला. मी सतरा वेळा वर-खाली केलं. अठराव्या वेळी पाठीवर पडून नुसता बघत होतो, हात छातीवर. तेव्हा वर पहार किंचित कुरकुरली, दांडा केसभर फिरला आणि गिअरबॉक्स ‘टक’ करून आत गेला. मी हात लावला नव्हता.

दोर ताणून थोडा सैल झाला असेल. मी तसं वहीत लिहिलं. तरी बाहेर येऊन आधी मोटारीत पाहिलं, मग कुंपणाकडे. काका टांगा घेऊन स्टँडवर गेले होते. वहिनी ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्यांनीही मान वर केली होती.

‘‘लागला का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘लागला. तुम्हाला कसं कळलं?’’

‘‘तो आवाज ऐकायची सवय आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हे म्हणायचे, ‘टक’ झालं की चहा टाक.’’ आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता त्या दिवसाचं. खंडेनवमीला मी दर वर्षी धारहून येत असे आणि हत्यारांची पूजा मीच मांडत असे. मोटारखान्यात पूजेच्या दिवशी यादी वाचली जायची, प्रत्येक हत्यार जागेवर दिसलंच पाहिजे, असा नियम होता. मोटारखाना गेला तरी माझी यादी राहिली. त्या वर्षी बेचाळीस नग होते. मांडले, मोजले, तर चाळीस. दोन घोड्या मोटारीखाली होत्या. दादा सकाळीच टेकडीवर देवीच्या दर्शनाला गेला होता. त्या दिवशी काम होणारच नाही, हत्यारं पूजेत म्हणजे मिस्त्री मोकळा, असं मी धरून चाललो. जॅक लावला, घोड्या काढल्या, विटांचे दोन थर रचून मोटार त्यांच्यावर ठेवली, गोणपाटं पुन्हा सोडली. घोड्या धुतल्या, हळद-कुंकू लावलं, सगळ्यांवर धुतलेलं धोतर झाकलं आणि झेंडू आणायला बाजारात गेलो. यादी पूर्ण झाली होती, म्हणून मन प्रसन्न होतं. तेही आठवतं.

परत आलो तेव्हा अंगणात माणसं होती.

रविवारी शेवटचं काम राहिलं होतं, क्लचचा पाय, म्हणजे पेडल, जुळवायचं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने वर बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने खालून नट फिरवायचा. मी विचारायच्या आधीच वहिनी पदर खोचून मोटारीत बसल्या. फळ्या काढलेल्याच होत्या. मला खालून त्यांचं फक्त पाऊल दिसत होतं, जोडवी काढलेलं.

‘‘दाबा,’’ मी म्हणालो. ‘‘सोडा.’’

पाऊल दाबलं गेलं, सुटलं.

‘‘भाऊजी, त्या दिवशी हे टेकडीवरून आले,’’ वरून आवाज आला. ‘‘मी म्हटलं, भाऊजींनी सगळी हत्यारं पूजेत मांडलीत, आज कशाला हात लावायचा नाही. तर म्हणाले, ‘हत्यारं पूजेत आहेत, हात नाहीत ना? आठ नट बोटांनी लावून येतो.’ मी हसले.’’

मी नट अर्धा आटा फिरवला.

‘‘हसले नसते तर गेले नसते. त्यांना कोणी हसलं की चेव यायचा. सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. त्या गेल्या तोवर म्हणत राहिल्या, माझ्या मुलाची बुद्धी फिरली. मी ऐकत राहिले. तुम्हाला सांगतेय.’’

मी उताणा होतो. नाकापासून वीतभर वर गिअरबॉक्स. डाव्या हाताशी घोडी, हळदीचा डाग असलेली. सांगायला यापेक्षा सोपी जागा नव्हती. तोंडही दिसत नव्हतं. वाक्य तयार होतं. गुरुवारपासून तयार होतं: वहिनी, त्याने बघितलं नाही, कारण घोड्या तिथेच असणार याची त्याला खात्री होती.

‘‘भाऊजी?’’

‘‘दाबा,’’ मी म्हणालो.

पाऊल काही वेळ हललं नाही. मग दाबलं गेलं.

‘‘सोडा.’’

दुपारी मोटार सुरू झाली. तिसऱ्या हँडलला. मी ती अंगणातून काढून गल्लीच्या तोंडापर्यंत नेली. टांगेवाल्या काकांनी घोड्याच्या डोळ्यांवर हात धरला. वहिनींनी रिकाम्या जागेवर सडा घातला. विटांच्या चुऱ्याचा लाल पट्टा दोनदा झाडूनही गेला नाही. निघताना त्यांनी घोड्या माझ्यापुढे ठेवल्या. ‘‘या तुम्ही न्या. मला यांचा काय उपयोग?’’

घोड्या धारला आणल्या. दर खंडेनवमीला मी इथे माझी हत्यारं मांडतो. त्या मांडत नाही. न्हाणीघराच्या मागे उभ्या असतात. त्या दिवशी मी तिकडे जात नाही.

यंदा अठ्ठावन्न साल. वहिनी आता मुलींच्या शाळेत शिवण शिकवतात, आणि हातात पडेल ते वाचतात. पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचतात. हे कुठे छापून आलं, तर त्यांच्या हाती पडणारच. म्हणून आधी मी जायला हवं. वही समोर आहे. दहा कामांपुढे बरोबरच्या खुणा आहेत. अकराव्यापुढे मी दर वर्षी नवी तारीख घालतो, आणि जुनी खोडतो. देवासला जाणारी सर्व्हिस मोटार सकाळी साडेसातला स्टँडवरून सुटते.