कॅमेऱ्याला कुंकू

ताऱ्यांत हायड्रोजन असतो, हे शीलाबाईंनी नोकरीभर मुलांना शिकवलं. पुस्तकात होतं म्हणून शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यानं घेतलं, की हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं, आणि तेही बाभुळगावच्या आपल्या घराच्या छतावरून. मागणी काही मोठी नव्हती. पण या बाईला साधी गोष्ट कोणी सुखानं करू देईल तर शपथ.

सामान म्हणाल तर मुलानं, नयननं, टाकून दिलेला जुना कॅमेरा, आणि त्याच्या भिंगापुढं पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली एक पारदर्शक फिल्म. या फिल्मवर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक रेघा असतात. त्यातून ताऱ्याचा प्रकाश गेला की त्याचे रंग सुटे होतात. रंगांच्या पट्टीत मध्येच काळी फट दिसली, तर तेवढा रंग ताऱ्याभोवतीच्या वायूनं गिळला असं समजायचं. कोणत्या वायूची फट कुठं पडते, ते ठरलेलं आहे. कॅमेरा ठेवायला सरकी भरलेली उशी. तीत तो दाबला की पाहिजे तसा तिरपा बसतो.

नयन पुण्याला इंजिनियर. आई अंधारात कठडा नसलेल्या जिन्यानं छतावर चढते, हे त्याला समजलं आणि फोनवर जुंपली.

"आई, पडलीस तर कोण उचलणार? आत्या?"

"तुझी आत्या मला उचलणार नाही, पण गावभर सांगेल तरी."

"मग ऐक. दिवाळीपर्यंत तुझा हायड्रोजन दिसला तर मी यापुढं एक शब्द बोलणार नाही. नाही दिसला तर घर भाड्यानं द्यायचं आणि तू पुण्याला यायचं."

शीलाबाई तावातावानं हो म्हणून बसल्या. फोन ठेवल्यावर त्यांना नयनचा फ्लॅट आठवला. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात, दुसरं काही नाही.

पावसाळाभर ढगांनी छळलं. आभाळ निवळल्यावर त्यांनी अभिजित हा ठळक पांढरा तारा धरला. दिवेलागणीनंतर तो पश्चिमेला चांगला वर असतो. पहिले फोटो दोऱ्यासारखे आले. तारा म्हणजे टिंब, टिंबाचे रंग पसरले की त्याचा दोरा होणार, आणि दोऱ्यात फट काय दिसणार? त्यावरचा उपाय कोणालाही सुचावा इतका सोपा आहे, तरी शीलाबाईंचा आठवडा गेला. कॅमेरा हलवायचा नाही. ताऱ्याला आपल्या चालीनं सरकू द्यायचं, आणि फिल्मच्या रेघा त्याच्या चालीच्या दिशेनं धरायच्या. मग दोरा सरकत सरकत रुंद होतो आणि त्याची पट्टी बनते. हे उमगलं नवमीला. दसऱ्याला सकाळी शीलाबाई काही कामानं यवतमाळला गेल्या, आणि दुपारी परत येतात तो घरात ही पूजा.

नणंद वच्छलाबाईंनी ओसरीवर स्कूटर, विळा, शिलाई मशीन, मिक्सर असं सगळं ओळीनं मांडलं होतं. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि ओळीच्या शेवटी कॅमेरा. कुंकवाचं बोट बरोबर फिल्मच्या मधोमध.

"वच्छलाताई, हे काय केलंत?"

"तुहं हत्यार नाही का ते? साऱ्या हत्यारायची पूजा केली, त्यालेच काहून सोडू? झाकण होतं, ते काढलं. झाकून ठेवल्यावर पूजा कशी पोचन?"

"आणि हे ओलं कशानं झालं?"

"कुंकू जास्त लागलं, मंग ओल्या फडक्यानं पुसलं. खसाखसा नाही, हलक्या हातानं."

हलक्या हातानं. शीलाबाईंनी फिल्म उजेडात धरली. मधला भाग गुलाबी धुक्यासारखा झाला होता. ओरडावं तर बाईनं भक्तिभावानं केलेलं, गप्प बसावं तर पुणं समोर. त्या ओरडल्या. नंतर दिल्लीच्या दुकानदाराला फोन केला, तर नवी फिल्म दिवाळीनंतर येणार म्हणाला.

संध्याकाळपर्यंत त्या फिल्म उलटसुलट करून पाहत बसल्या. मग कात्री घेतली. फिल्मच्या एका कोपऱ्याला ना बोट लागलं होतं ना फडकं. अंगठ्याच्या नखाएवढा तो तुकडा त्यांनी कापला, काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यावर चिकटवला. प्रकाश कमी येईल, पण अभिजित काही मिणमिणता तारा नाही.

वर गेल्या तर शेजारच्या छतावर प्रेमसिंगनं सोयाबीन वाळत घातलेलं, आणि चोरी होऊ नये म्हणून त्यावर हा भला मोठा दिवा.

"प्रेमसिंग, थोडा वेळ बंद कर ना रे तो."

"बाई, तुमचे तारे कोणी चोरत नाही. माह्यं सोयाबीन चोरतात."

शीलाबाई वैतागून खाली आल्या. ऐकून वच्छलाबाई उठल्या, पदर खोचला, काठी घेतली आणि प्रेमसिंगच्या छतावर जाऊन सोयाबीनच्या पोत्यावर बसल्या. "कर बंद," त्यांनी त्याला फर्मावलं. "मी बसून राह्यली इथं. कोण चोरते ते पाहाते." प्रेमसिंगनं निमूट दिवा बंद केला.

असं रोज संध्याकाळी चाललं. कधी उशी घसरली, कधी पट्टी तिरपी आली. कोजागिरीला चंद्र अंगावर आला. दिवाळीच्या तोंडावर एक फोटो असा आला, की शीलाबाई चष्मा पुसून पुन्हा बसल्या. हिरवट निळ्यात एक काळी फट. पुढं जांभळ्याकडे दुसरी, पुसट. रंग न सुटलेल्या प्रकाशाचा ताऱ्याचा पांढरा ओरखडा पट्टीशेजारी उमटला होता, त्यापासून त्यांनी दोन्ही फटींची अंतरं फूटपट्टीनं मोजली, भागाकार केला, आणि फोटो नयनला पाठवला.

त्याचा लगेच फोन. "आई, दोनच रेघा आहेत. एक तर दिसतही नाही धड. ही धूळबीळ नाही ना?"

"धूळ बरोबर हायड्रोजनच्या जागी बसते का रे? तू इंजिनियर आहेस ना, मोज. पांढऱ्या ओरखड्यापासूनची अंतरं घे, एकाला दुसऱ्यानं भाग, आणि पुस्तकातल्या आकड्यांशी ताडून पाहा."

पलीकडे बराच वेळ नुसती खुडबुड. मग नयन म्हणाला, "बरोबर येतंय."

"मग?"

"मग काय. राहा."

शीलाबाईंनी फोन ठेवला. वच्छलाबाई दारातच उभ्या होत्या. "काय म्हणे?"

"राहा म्हणाला."

"म्हणजे तुहं पाहून झालं सारं."

"कुठलं झालं? हायड्रोजनची तांबड्यातली रेघ मुख्य. ती अजून दिसलीच नाही."

"मंग त्याले काहून नाही सांगतलं?"

"त्यानं विचारलं नाही," शीलाबाई म्हणाल्या, आणि बॅटरी चार्जिंगला लावायला आत गेल्या.