दसऱ्याला धुतलेला कॅमेरा

पवनारच्या फाट्यावर रूपरावचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, पण गड्याचा जीव अडकला होता जुन्या कॅमेऱ्यांत. वर्ध्याच्या भंगारातून, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून एकेक करत त्यानं घरची फळी भरली होती. डबा कॅमेरे, दोन भिंगांचा एक, आणि सगळ्यांत लाडका तो भात्याचा. बटण दाबलं की बाजाच्या पेटीसारखा उघडायचा. रोल मात्र कधी भरायचा नाही पठ्ठ्या! पुसायचं, खटक्याचा आवाज ऐकायचा, परत कापडात गुंडाळायचं, एवढ्यावर स्वारी खूश. गाव हसायचं. बायको जयवंता त्या फळीकडे बघायचीसुद्धा नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला आक्रीतच झालं. रूपराव घरी आला तर अंगणात पाटावर विळा, कुऱ्हाड, सायकलचे पाने, आणि त्यांच्या रांगेत सगळे कॅमेरे! दसऱ्याला हत्यारं धुऊन पुजतात, तसे जयवंतानं तेही बादलीत बुचकळून काढले होते आणि भिंगांवर कुंकवाची बोटं लावली होती. भात्याच्या घड्यांतून पाणी ठिबकत होतं. रूपरावचं डोकं फिरलं. सगळ्याचं मातेरं केलंस म्हणाला, आणखी नाही नाही ते बोलला.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचा जीव ज्याच्यात हाये, ते पुजावं म्हटलं. इतके डोळे हायेत घरात, एकानं तरी मले पाह्यलं काय?"

रूपरावनं घरातल्या भिंती आठवून पाहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, अन् बाईचा एक फोटो नाही! त्याची त्यालाच लाज वाटली.

बाकीचे कॅमेरे वाळून सुधारले. भाता मात्र कोपऱ्यांवर चिरला होता, आणि रूपरावला फोटो काढायचा होता तो त्याच कॅमेऱ्यानं. भर दुपारी दारं-खिडक्या लावून त्यानं भात्यात बॅटरी धरली. उजेड फुटेल तिथं जयवंता बोट ठेवायची, तिथं तो छत्रीचं काळं कापड पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवायचा. मग रोल आणला आणि तिला धाम नदीच्या काठावर उभं केलं. फोटो धुऊन येईपर्यंत त्याला घास गोड लागेना.

फोटो आला. जयवंता लख्ख दिसत होती, पण खांद्यापासून पायापर्यंत उजेडाचा एक पांढरा पट्टा उतरला होता. बिघडला, म्हणत रूपरावनं तो तिच्या हाती दिला. तिनं फोटो कितीतरी वेळ न्याहाळला.

"एक भोक माह्याच बोटाखालून सुटलं," ती म्हणाली. "राहू द्या तसाच."

पुढच्या दसऱ्याला कॅमेरे पुन्हा पाटावर आले, पण कोरडेच. कुंकू लागलं ते फक्त चामड्याच्या कव्हरांना. पूजा आटोपली तशी जयवंता पदर नीट करून आपणहून भात्याच्या कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. आत रोल भरलाय का, हे तिला विचारावं लागलं नाही.