दोन फाइली आणि लाखभर गायी

आमच्या ऑफिसात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलावर चहाचे रिकामे कप साठतात ना, तसे ते साठतात. उचलायला कुणीच येत नाही, एवढंच!

मी बारामती एमआयडीसीतल्या एका दूध डेअरीत कॉम्प्युटरवर बसते. नुकतंच लग्न झालंय, सासर इंदापूर तालुक्यातलं कळस गाव. गेल्या महिन्यात काम आलं, गायींच्या दोन फाइली ताडून बघण्याचं. एक आमची, एक इंदापूर सेंटरची. प्रत्येक गायीची एक ओळ: कानातल्या बिल्ल्याचा नंबर, गाव, मालक. अशा लाखभर ओळी! दोन्ही जुळल्या तरच सोमवारी लंपीच्या लसीची गाडी निघणार.

सासूबाईंची एकुलती एक गाय, चंद्री, त्याच फाइलीत. रोज दारातच प्रश्न, "जुळलं का गं?"

*

पहिल्यांदा 'डिफ' चालवलं. दोन फाइलींतला फरक दाखवणारी ही कमांड. स्क्रीनवरून ओळी अशा धो धो पळायला लागल्या, की आमचे माने सर ओरडले, "बंद करा मॅडम! व्हायरस हाय!"

म्हटलं, "सर, इंदापूरच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर आहे. म्हणून सगळ्याच ओळी वेगळ्या ठरतायत."

सरांनी चष्मा लावला, नाक स्क्रीनला टेकवलं. "मला तर काय दिसत न्हाय."

"तेच म्हणतेय सर!"

*

ते अक्षर काढलं, तर बिल्ल्यांचे नंबर जुळेनात. अर्ध्या तालुक्याच्या गायींना एकच नंबर! इंदापूरला फोन लावला. तिथं तात्या असतात. तेही कळसचेच, म्हणजे मी त्यांची सूनबाई. आवाज चढवायची सोय नाही. मी घरी पोचायच्या आत सासूबाईंना कळायचं.

"तात्या, फाइल एक्सेलमध्ये उघडली होती का?"

"व्हय. आकडं लई लांबडं हुतं, सूनबाई. एक्सेलनं मागचं आकडं छाटून आपसूक आवरून दिलं. बरं दिसतंय न्हवं?"

*

मूळ फाइल परत मागवली. दोन्ही फाइली नंबरानं सॉर्ट केल्या. डिफमध्ये एकही फरक उरला नाही. हुश्श!

तेवढ्यात माने सरांनी फाइल उघडली. "पहिलं नाव कुणाचं हे? आबा कुठायत?"

आबा म्हणजे आमचे चेअरमन. पिंपळीचे.

"सर, नंबराप्रमाणे त्यांची गाय खाली गेलीय."

"खाली?" सरांनी ती ओळ उचलून सगळ्यात वर ठेवली. सेव्हसुद्धा केलं!

पुन्हा डिफ. वर एक गाय जास्त, खाली एक गाय कमी. मी सॉर्ट करायचे, सर आबांना वर न्यायचे. दुपारभर हेच!

*

घरी नवऱ्यानं विचारलं, "एवढं दमायला करतेस तरी काय?"

"दोन फाइली सारख्या आहेत का बघते."

सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सारख्याच पायजेत, तर मग एकच ठिवायची की!"

मी पाणी प्यायले.

*

शनिवारी सर मीटिंगला गेले, तेव्हा काम उरकलं. आल्यावर त्यांच्यासमोर डिफ चालवलं. स्क्रीनवर काहीच नाही.

"बिघडलं का?"

"नाही सर. फरक नसला की ते काहीच बोलत नाही."

"असं कसं? मी वर काय दाखवू? प्रिंट काढा!"

"कशाची?"

"जे आलंय त्याची!"

काढली. कोरा कागद. सरांनी त्यावर शिक्का मारला, सही केली आणि लसीच्या गाडीसोबत दिला.

सोमवारी गाडी तात्यांना घेऊन कळसला आली. मी रजा टाकून चंद्रीला धरून उभी होते. डॉक्टरांनी कागद उलटा केला, सुलटा केला. "तात्या, यात एकाही गायीचं नाव नाही. टोचू कुणाला?"

तात्या म्हणाले, "एकीचंबी न्हाय म्हणूनच तर समद्यास्नी टोचायचं, सायब!"