उतारावरचा पवना

आमच्या घरामागचा उतार पूर्वी पवन्याचा होता. पवना म्हणजे गुरं आधी शोधतात ते गोड गवत. मी रिह्यात नांदायला आले तेव्हा नागपंचमीपासून उतार गुरांना बंद असायचा. दसरा होऊन पवन्याचं बी पडलं की मगच विळे निघायचे. पुढे खालच्या जमिनी विकल्या, फार्महाऊस झाली, राखण कुणी करीना. गुरांनी पवना कोवळाच खाल्ला, त्याचं बी धरेना, आणि कुसळी माजली. ती पिकली की तिची कुसळं लुगड्यातून मांडीत शिरतात, गुरांच्या तोंडात रुततात.

गेल्या साली गोठ्यात एकच म्हैस उरली होती. सुनेनं ती पारडी असल्यापासून वाढवलेली. मुलगा महाळुंग्याला कामाला जातो. विकतची वैरण आणणार नाही, दिवाळीपर्यंत गंजी भरली तरच म्हैस ठेवू, असं त्यानं सांगून टाकलं.

गुरं शिरू नयेत म्हणून मी उताराला काट्या लावल्या. कुसळी फुलायच्या आत आम्ही दोघींनी कापली. थोडी म्हशीला घातली, थोडी वाळवली. दसऱ्याला गंजी अर्धीच होती. दगडांच्या कडेला तेवढा पवना उभा होता. सून विळा घेऊन तिथं गेली.

"आत्याबाई, एवढा कापला तर गंजी भरंल."

"बी पडू दे. मग काप."

"तवर वाळून काडी हुईल. म्हस काडी खाईल व्हय?"

"आता कापलास तर फुडच्या साली हितं नुसती कुसळं."

बांधावरून शेजारीण म्हणाली, "म्हशीला एकादस नि दगडाला निवद!"

सुनेनं विळा टाकला आणि घरी गेली. दिवाळीनंतर म्हैस टेम्पोत चढली. मुलगा बोलल्याप्रमाणे वागला, त्याला मी काही म्हटलं नाही. सून बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हती. चहा पुढ्यात आदळून जायची. मला पवना ठेवल्याचं वाईट वाटलं नाही. म्हैस बाजारात मिळते, पवन्याचं बी मिळत नाही.

यंदा पावसात दगडांभोवती पवना पसरला. उतार भरला असं नाही, पण एका जनावरापुरता आहे. परवा सून एकटीच वर जाऊन बघून आली. रात्री जेवताना नवऱ्याला म्हणाली, "पारडी बघा एखादी."

तो म्हणाला, बघू.

"बघू न्हाई. ह्या महिन्यात आणा. चारा हाय."

मी म्हटलं, आणा, पण दसऱ्याच्या आत उतारावर सोडायची नाही. तोवर बांधावरचं कापून घालायचं.

"म्हाईत हाय," सून म्हणाली आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.