रिकामा डबा

जमिनीच्या तारखेला मी धुळ्याच्या कोर्टात बसले होते. शेजारी शिंदखेड्याची एक बाई होती. नाव मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं: जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या, ती धरून पाच जणींनी मिळून लॉटरीचं तिकीट घेतलं, ते लागलं. त्या दिवशी पाचवी कामावर नव्हती; तिचा वाटा या बाईनेच भरला होता. आता ही धरून चौघी म्हणत होत्या, पाचवी तिकिटात नव्हतीच. हिची आज साक्ष होती.

पाचवी समोर बसलेली. ही सारखी पदर तोंडावर ओढायची. दुपारी पाचवीने उठून हिच्या मांडीवर डबा ठेवला. "तुले शुगर शे. पहिले खाई ले, मंग काय बोलनं ते बोल."

हिने मान खाली घालून सगळी भाकर संपवली. मला म्हणाली, "हिनी भाकर खाईसन हिनाच इरोधमा कशी बोलू, अक्का?"

"मंग नको बोलू," मी म्हटलं.

पुकारा झाला. दार उघडंच होतं. "तिने पैसे दिले नव्हते," असं ती आत बोललीच.

बाहेर येऊन तिने नळावर डबा घासला, पदराने पुसला, माझ्या हातात दिला आणि निघून गेली.

मी तो पाचवीला नेऊन दिला. तिने विचारलं, "बठ्ठं खादं का तिनी?"

हो, सगळं, म्हणताना मलाच मान वर करवेना.