धुतलेले पाय

कार्बोलिक साबणाचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं.

निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या एका मिशन दवाखान्यात मी नर्स होते. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून ईस्टरआधीच्या गुरुवारी आमचे मोठे डॉक्टर नोकरांपैकी एकाचे पाय धुवायचे. त्या वर्षी झाडूवाल्या कोंडाबाईची पाळी होती. "तिच्या टाचा आधी घासून घे," साहेबांनी मला सकाळीच बजावलं. मी कार्बोलिक साबणानं घासल्या, भेगांतून रक्त येईपर्यंत.

संध्याकाळी सगळ्यांसमोर साहेब गुडघ्यांवर बसले आणि तिच्या पायांवर तांब्यानं पाणी सोडू लागले. कोंडाबाई मोठ्यानं म्हणाली, "धुतलेलेच पाय धुता व्हय, साहेब? सकाळी आला असता तर मळ तरी दिसला असता."

"गप बस!" तिच्या पायाशी बसूनच साहेब ओरडले. "प्रार्थना चालू आहे!"

तेव्हा मला राग आला तो कोंडाबाईचा. एवढा नम्र माणूस, आणि हिनं चारचौघांत त्यांचा पाणउतारा केला! आज साहेबांचा येतो, आणि त्याहून जास्त माझा. टाचा घासताना मीच तिच्यावर खेकसले होते, "हलू नको गं! साहेबांचे हात खराब व्हायला नकोत."