सकाळी न लागणारे बदल

"मॅडमचं काय व्हत न्हाई बघा. रोज टायपिंग चालतंय, पण येतंय ते जुनंच."

पार्टिशनच्या आड आमचा वायरमन बोलत होता. मी बाहेर चपला काढत होते, कारण कम्प्युटरच्या केबिनमध्ये चपला घालून जायची पद्धत नव्हती. आत माझे वरिष्ठ होते, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. ते हसले.

"कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुली. इंग्रजी वाचता आलं म्हणजे काम आलं असं थोडंच आहे?"

मी एक चप्पल मुद्दाम आपटली आणि आत गेले.

नागापूरच्या एमआयडीसीतली ती छोटी कंपनी वजनकाट्यांची यंत्रं बनवायची. काट्यावरचा आकडा केबलमधून कम्प्युटरवर यायचा आणि तो वाचायचं काम एक लायब्ररी करायची. लायब्ररी म्हणजे परदेशातल्या कुणीतरी लिहून, मूळ कोडसकट सगळ्यांना फुकट देऊन टाकलेला प्रोग्रामचा संच. ती डॉसवर चालायची. एका साखर कारखान्याला मात्र आता विंडोजवर काम हवं होतं. कुठल्या यंत्रासाठी लायब्ररी कशी बांधायची हे ज्या फायलींत लिहिलेलं असतं, त्यांत मी विंडोजचा भाग घालत होते. सगळी माहिती इंग्रजीत असल्यामुळेच ते काम माझ्याकडे आलं होतं. मालकांनी मात्र आधीच बजावलं होतं, की कारखान्याचे लोक बघायला येतील तोवर जमलं नाही तर काम पुण्याला देऊ, आणि तुम्ही फोन आणि पत्रं सांभाळा.

आणि माझे बदल लागत नव्हते. फाइल उघडली की बदल तिथेच दिसायचा. या फायलींवरून लायब्ररी तयार करणारा बांधणीचा प्रोग्राम चालवला की तो सांगायचा, सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. मग पडद्यावर कालचंच यायचं. संध्याकाळी तीच फाइल पुन्हा सेव्ह केली की सगळं सुरळीत व्हायचं. तेही रोज आदल्या दिवसापेक्षा थोडं उशिरा. माझी नेहमीची बस चुकू लागली.

सकाळी माझ्याआधी केबिनमध्ये फक्त सर असायचे. किल्ली त्यांच्याकडे होती. मी पोचायची तेव्हा त्यांच्या चपला दाराशी असायच्या आणि मॉनिटरसमोर उदबत्ती अर्धी जळालेली असायची. ते माझ्या फायली काढून जुन्या ठेवत असणार, असं मला वाटू लागलं. मग मी रोज निघताना फायलींची कॉपी फ्लॉपीवर घेऊ लागले आणि ती डब्याच्या पिशवीत, डब्याखाली ठेवू लागले.

सरांनी ते पाहिलं. "घरी कोड नेता का मॅडम?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "तुमचे भाऊ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत ना?"

"नाही," एवढंच मी म्हणाले. दोनपैकी कशाला नाही म्हणाले, ते त्यांनी विचारलं नाही. त्या दिवसापासून ते माझ्या पिशवीकडे बघायचे आणि मी त्यांच्या चपलांकडे.

वायरमनला आमच्यातला ताण कळत असावा. "काट्याचं मशीन हाय मॅडम," तो म्हणाला, "काटा मारनारच." तेव्हा मी हसले नाही. बसस्टॉपवर एकटी असताना हसले.

कारखान्याचे लोक येणार होते त्या दिवशी मी पहिल्या बसने गेले आणि केबिनच्या काचेबाहेर उभी राहिले. सरांनी उदबत्ती लावली, हात जोडले, खुर्चीत बसून काही आकडे टाईप केले आणि मागच्या दाराने चहाला गेले. फाइल एकही उघडली नाही. मी आत जाऊन पडद्यावरची तारीख पाहिली. ती आजची नव्हती. काल जी होती तीच होती, आणि आठवून पाहिलं तर परवाही तीच होती. रोज समोर असूनही मी तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं.

मग उलगडलं. कोडचा प्रोग्राम करणारा आमचा कंपायलर चाचणीपुरता फुकट मिळालेला होता. मुदत संपली की तो बंद पडला असता. म्हणून सर रोज सकाळी कम्प्युटरची तारीख तो बसवल्याच्या दिवशी नेऊन ठेवत होते; घड्याळातली वेळ मात्र खरीच चालायची. बांधणीचा प्रोग्राम तर फक्त तारीख-वेळ बघतो. मूळ फाइल तिच्यापासून तयार झालेल्या फायलीपेक्षा नवी असेल तरच तो कामाला लागतो. तारीख तीच असल्यामुळे माझा सकाळचा बदल त्याला आदल्या संध्याकाळच्या फायलींपेक्षा जुना वाटायचा, आणि घड्याळ त्या वेळेच्या पुढे गेल्यावरच नवा.

सरांना हे ठाऊक होतं का? कम्प्युटरवर त्यांची कितीतरी वर्षं गेली होती. मला आजही ठरवता येत नाही.

मी तयार झालेल्या सगळ्या फायली पुसल्या आणि बांधणी पहिल्यापासून केली. सर चहाहून परतले तेव्हा ती पूर्ण झाली होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं.

मालक कारखान्याच्या इंजिनिअरला घेऊन आले. वायरमन चाचणीच्या काट्यावर उभा राहिला आणि त्याचं वजन विंडोजच्या पडद्यावर उमटलं. "वाढलो की," तो तिकडून म्हणाला. "मॅडम, काटा मारला का?" इंजिनिअर हसत काटा बघायला बाहेर गेले.

मालकांनी सरांना विचारलं, "मग इतके दिवस अडलं कुठं होतं?"

"मॅडम नवीन आहेत," सर म्हणाले. "मी रोज सकाळी लवकर येऊन बसतो, म्हणून आज लागलं."

"बरं. मग पुढचं तुम्हीच बघा," मालक म्हणाले आणि दाराकडे वळले.

त्या कंपनीत तोवर मी हो आणि नाही यापलीकडे फारसं बोलले नव्हते. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"साहेब, सर सकाळी येऊन फक्त तारीख मागे करतात. बदल मी केलेत, आणि पुढचेही मीच करीन."